मालीश आणि मॅट

तालमीत हौद्यातून बाहेर आलं म्हणजे मेहनत संपली, असं आमच्या वेळी कुणी समजत नसे. जोर-बैठका आणि खडाखडी झाली की घामाने निथळणाऱ्या अंगाला हौद्यातलीच लाल माती चोळायची. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली ती माती घाम टिपून घेई, गार लागे. मग मालीश. धाकट्यांनी थोरल्यांचे पाय दाबायचे, जोडीच्या गड्यांनी एकमेकांच्या पोटऱ्या रगडायच्या. एखाद्या हलक्या पोराला वस्ताद सरळ पैलवानाच्या पाठीवर चढवत. ते भिंतीला हात टेकून टाचांनी मांड्या तुडवी आणि खालचा गडी खुशाल घोरू लागे. नव्या पोराने दुसऱ्या दिवशी दांडी मारली, तर वस्ताद दारात हजर. "काय रे, आंग दुखी ऱ्हायनं का?" उत्तर काहीही येवो, पोराला तालमीत नेऊन आधी रगडत आणि मग जोर मारायला लावत. यात्रेतली नारळावरची कुस्ती तोंडावर आलेली असे ना!

हे सगळं नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं तेव्हाचं, म्हणजे १९९८ च्या आधीचं.

हल्ली भाचीला कराटेच्या वर्गाला सोडायला जातो. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळत असते. वारा फिरला की हॉलमध्ये किकबरोबर शिंकाही सुरू होतात. वर्ग संपता संपता 'कूल डाऊन'. तळव्याला तळवा लावून गुडघे हलवायचे, मग पाय फाकवून पुढे वाकायचं, प्रत्येक ताण तीस सेकंद, सरांच्या मोबाइलवर मोजून. ज्याची त्याची जागा, ज्याचा त्याचा ताण. 'ओस' म्हणून वाकले, की मुलांची नजर बाहेर बापाच्या मोटारसायकलकडे.

या ताणण्याने पायात साठलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, असं सर सांगतात. ते तर तासाभरात आपसूकच ओसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं ते सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. स्ट्रेचिंगने ते दुखणं कितपत कमी होतं, हे कॉक्रेन या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात तपासलं गेलं; फरक इतका थोडा निघाला की जाणवूही नये. उलट २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ९९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दुखण्यावर सगळ्यात गुणकारी ठरली मालीश. वस्तादांना हे कळलं असतं, तर त्यांनी मिशीवर हात फिरवून त्या संशोधकांनाही हौद्यात उतरवलं असतं.

म्हणून स्ट्रेचिंग सोडा, असं नाही. उंच किकला लवचीक पाय लागतात आणि ते रोज ताणूनच मिळतात. शिवाय सरांनी मुलांचं अंग रगडायला बसू नये, हेही बरोबरच. आमच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत बहिणींना पाऊल टाकायची मुभा नव्हती. या हॉलमध्ये मुलींचाच गलका मोठा. तालमीतल्या त्या ओलाव्याच्या आठवणी काढताना आम्ही पुरुष एवढं सोयीस्करपणे विसरतो.

भाचीच्या आईला मात्र सांगून ठेवलं आहे : तिळाचं तेल कोमट कर, पोटरीपासून वर चोळत जा, आणि ती किंचाळली तरी लगेच थांबू नकोस. किंचाळण्यात निम्मं नाटक असतं.