कडेने उतरणारे नाव

ओळींच्या पहिल्या अक्षरांतून कुणाचे तरी नाव उभे करणारी कविता व्यासपीठावरून वाचली, तर तिचे निम्मे अंग हरवते. ऐकणाऱ्याला ओळ कुठे सुरू झाली ते कळत नाही. डावीकडची उभी रांग फक्त डोळ्यांना दिसते. म्हणून ही कविता कागदावरची, आणि माझ्या मते एकाच माणसाला टपालाने धाडायची. लुईस कॅरल यांनी १८६१च्या नाताळात लिडेल बहिणींना गोष्टीचे एक पुस्तक भेट दिले, तेव्हा त्यात लिहून दिलेल्या ओळींच्या कडेने लोरिना, ॲलिस आणि ईडिथ ही तिघींची नावे उतरत होती. पुढे ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’च्या शेवटच्या कवितेत त्यांनी ॲलिसचे पूर्ण नाव २१ ओळींत गुंफले. ते पुस्तक साऱ्या जगाने वाचले, तरी कडेची ती रांग एकीचीच राहिली.

आपल्या काव्यशास्त्राने अक्षरांच्या अशा खेळाला फारसा मान दिलेला नाही. आनंदवर्धनांच्या मते चित्रकाव्य म्हणजे काव्याची नक्कल. मम्मटांनीही त्याला खालची पायरी दिली. आक्षेप पोकळ नाही, कारण अक्षरे जुळवण्यात जीव गुंतला की रस आटतो, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण तो निवाडा सर्वांसाठी लिहिलेल्या काव्याचा आहे. पत्राला दुसरी कसोटी लागते, आणि ती मला रोमन वक्ता सिसेरोच्या एका युक्तिवादात सापडते. सिबिल या भविष्यवादिनीची म्हणून मानलेल्या भविष्यवाणीत ओळींची आद्याक्षरे जुळतात, त्या अर्थी लिहिणारा अंगात आलेला नसून पूर्ण भानावर होता, असे त्याने दाखवून दिले. भविष्यवाणीच्या दृष्टीने तो दोष ठरला. पत्राच्या दृष्टीने तोच गुण. कुणीतरी आपले नाव एकेक अक्षर समोर ठेवून, भानावर राहून आपला विचार केला, याचा पुरावा कागदाच्या कडेलाच असतो.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा वेगळे आहे. आपले एकक सुटा वर्ण नसून स्वरासकट अक्षर आहे, त्यामुळे नावे आखूड होतात आणि दोनचार ओळींतच सगळे सांगावे लागते. ‘ज्ञानेश्वर’ घेतले तर ‘श्व’ने सुरू होणारे शब्द बोटांवर मोजण्याइतके. ‘ण’ आणि ‘ळ’ तर आपल्याकडे शब्दाच्या आरंभी येतच नाहीत. मग वीणा, कमळा, नारायण यांना पत्र लिहायचेच नाही का? याचे उत्तर माणगावच्या टेंबेस्वामींच्या, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींच्या, सप्तशती गुरुचरित्रात आहे. त्यातल्या ओव्यांचे तिसरे अक्षर घेत गेले की गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. त्या अध्यायात ‘अश्वत्थ’ आहे, आणि ‘त्थ’ने ओवी सुरू कोण करणार? तिसऱ्या जागी मात्र असे जोडाक्षरही सामावते. एडगर ॲलन पो यांनी एका कवितेत नाव तिरके उतरवले: पहिल्या ओळीचे पहिले अक्षर, दुसरीचे दुसरे, असे. ‘अरुणा’साठी मी हीच वाट घेतो:

अजून दिवे मालवले नाहीत,
तरुण ऊन उंबऱ्याशी थांबले आहे,
अंगणात तुझीच चाहूल.

पहिल्या ओळीतला ‘अ’, दुसरीतला ‘रु’, तिसरीतला ‘णा’. अंगण मला आधी सुचले नव्हते. तिसऱ्या जागी ‘णा’ हवा म्हणून ते आले, आणि त्याच्यामागून चाहूल आली.

नावाच्या अक्षरांसाठी ओढूनताणून ओळी कराव्या लागतात, ही तक्रार मी ऐकतो. ओढाताण होते ती बहुतेकदा प्रत्येक ओळीत एकेक गुण बसवण्याच्या हट्टामुळे: सालस, मनमिळाऊ, लाघवी. अशा ओळी त्या आद्याक्षराच्या कुणालाही लागू पडतात. त्याऐवजी वाक्य दोन ओळींवर वाहू द्यावे. मराठीत शब्दांचा क्रम बराच मोकळा असल्याने हवे ते अक्षर वाक्याच्या मध्यावरही ओळीच्या तोंडाशी आणता येते. मग नाव झाकून कविता वाचावी. ती तशीही त्या माणसाचीच वाटली पाहिजे. वाटली नाही तर फाडावी.

फोनवरून पाठवायला माझी हरकत नाही, पण अरुंद पडद्यावर लांब ओळ मोडून खाली येते आणि कडेची रांग बिघडते. कागदावर जिथे लिहिले तिथेच अक्षर राहते. कागदांतही पोस्टकार्ड मला अधिक आवडते, कारण तिथला मजकूर वाटेत कुणीही वाचू शकतो आणि तरी आतली गोष्ट ज्याची त्यालाच पोचते. अक्षरे लाल शाईने मात्र रंगवू नयेत, खाली रेघही मारू नये. शोधण्याचा आनंद पत्र घेणाऱ्याचा आहे. त्याला नाव कधीच दिसले नाही तरीही त्याच्या हाती एक पत्र आलेले असते, आणि ते नीट लिहिलेले असणे ही आपली जबाबदारी.