सलाइनच्या आकड्याला केळ्यांचा घड

कऱ्हाडहून गुहागरला जायचं म्हणजे आमच्या लहानपणी मॅटाडोर ठरलेली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही गाडी ऐंशीच्या दशकात आमच्याकडे काय काय वाहत नव्हती? लग्नाचं वऱ्हाड, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, पंढरीला निघालेली अख्खी आळी. घराणं मूळचं जर्मन. इंजिन पुढे आणि गाडी ओढणारी चाकंही पुढचीच, त्यामुळे मागे खालून शाफ्ट जात नसे आणि गाडीचा तळ जमिनीला जवळ असे. रुग्णवाहिका करायलाही म्हणूनच ती सोयीची. आमच्या भागात रुग्णवाहिका म्हणजे कारखान्याची नाहीतर एखाद्या ट्रस्टची मॅटाडोर. आत एक स्ट्रेचर, शेजारी बाक, छताला पंखा. अडलेली बाळंतीण रात्री त्यातूनच कऱ्हाडला यायची आणि चार दिवसांनी बाळ घेऊन त्यातूनच परत जायची. तेव्हा 108 वगैरे काही नव्हतं. महाराष्ट्रात ती सेवा आली 2014 साली, 937 गाड्या घेऊन.

सहलीच्या मॅटाडोरमध्ये मात्र माणसं मोजायची पद्धत नव्हती. टपावर ताडपत्रीखाली होल्डॉल, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, मोठी पातेली. आत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि फिरकीचे तांबे. ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर बसायला आम्हा पोरांत मारामारी. झाकण तापायचं, मग काकू त्यावर गोधडीची चौपदरी घडी टाकायची. पाटण, कोयनानगर, हेळवाक, पुढे कुंभार्लीचा घाट. घाट उतरला की हवा बदलायची आणि सगळ्या बायका एकदम स्वेटर काढायच्या.

रात्रीची सोय ठरलेली नसायची. कधी देवळाची ओवरी, कधी शाळेचा व्हरांडा. संध्याकाळ झाली की आमचे आण्णा उतरून एखाद्या अंगणात जायचे आणि "आम्ही कऱ्हाडचे, पाणी मिळेल का?" म्हणून विचारायचे. पाण्यासोबत सरपण यायचं, नारळ यायचा, कधी कोकमाचं सार. हेदवीच्या अलीकडच्या एका घराशी आमचा असाच संबंध जुळला आणि पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. धोपाव्याला मॅटाडोर अलीकडेच सोडावी लागायची. खाडी लाँचने ओलांडायची, दाभोळ पायी बघायचं आणि परत यायचं.

या सगळ्यात आजी कधीच नव्हती. गुडघे गेलेले, कंबर धरलेली. इतके तास बाकावर ताठ बसणं तिला जमणारं नव्हतं आणि तिला आडवं व्हायला गाडीत जागा नव्हती. ती दारात उभी राहून आमच्या हातावर दही घालायची. कोकणात न येताच, समुद्र न बघताच ती गेली. आमच्या पिढीतल्या किती घरांत एक म्हातारं माणूस असं दारातच राहिलं असेल! तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, हे मला आता फार लागतं.

आईचे गुडघेही आता त्याच वाटेवर आहेत. म्हणूनच मुलाने एका खासगी रुग्णालयाची निवृत्त ट्रॅव्हलर रुग्णवाहिका घ्यायचं काढलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ट्रॅव्हलरही त्याच कंपनीची. बजाज टेम्पो 2005 साली फोर्स मोटर्स झाली, पण गाडीचं कूळ बदललं नाही. ही मर्सिडीजच्या जुन्या व्हॅनवर बेतलेली.

नातेवाइकांनी नाकं मुरडली. "त्यात किती जण गेले असतील!" आई म्हणाली, "आणि किती वाचले असतील, ते कोण मोजणार?" तिने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि विषय संपवला.

रुग्णवाहिका बांधणाऱ्याने अशक्त माणूस डोळ्यांपुढे ठेवलेला असतो. पर्यटनाची गाडी बांधणारा तसा क्वचितच विचार करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मागचं दार पूर्ण उघडतं. पायरी रुंद आहे. आत शिरताना हात जिथे आपोआप जातो, तिथे दांडा आहे. जमिनीवर अखंड व्हिनाइल, त्यामुळे सांडलेला चहा एका फडक्यात निघतो. काचा अर्ध्या दुधी, म्हणजे पडद्याचा खर्च वाचला. परिचारकाच्या बाकाखाली कप्पे होते, त्याच बाकावर गादी टाकली की आईचं अंथरूण. ऑक्सिजनच्या नळ्या काढून टाकल्या, सिलिंडरच्या कोंडाळ्यात आता आग विझवायचं नळकांडं बसवलंय. इन्व्हर्टर आणि दुसरी बॅटरी आधीचीच होती, टपावर सोलर पॅनल तेवढं वाढवलं.

छताला सलाइनची बाटली टांगायचा आकडा होता. घडी करून छतात बसणारा, स्टीलचा, खूप हाताळल्याने गुळगुळीत झालेला. सुताराने तो काढायला पाना लावला, तर आई म्हणाली, राहू दे. त्याला आता केळ्यांचा घड असतो. घाटात वळणावळणावर तो हलतो आणि आई पडल्या पडल्या हात वर करून एकेक केळं तोडून नातीला देते.

मॅटाडोरच्या काळात गाडीला काय जोडलं, काय कापलं, हे गॅरेजवाला आणि मालक यांच्यातच राहायचं. आता तसं नाही आणि ते बरंच आहे. जानेवारी 2019च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नोंदणी पुस्तकातल्या निर्मात्याच्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानकही आहे. आरटीओच्या फेऱ्यांनी मुलगा वैतागला होता, पण ब्रेक आणि वजनाचा प्रश्न आहे, तिथे घाई नको.

आता धोपाव्याला गाडी थेट फेरीबोटीवर चढते. आईने दाभोळची खाडी गाडीच्या मागच्या दारात, अंगावर शाल घेऊन, बसूनच ओलांडली.

सुख मात्र काहीतरी काढून घेतल्याशिवाय येत नाही. आत फ्रिज आहे, दिवा आहे, शेगडी आहे. दार लावलं की गाव बाहेरच राहतं. 2021मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यातून गाड्या उभ्या करायला चांगल्या जागा झाल्या तर हव्याच आहेत, पण कुंपणाच्या आत सगळं मिळालं तर अंगणात जाऊन पाणी कोण मागणार? मुलगा पाण्याची मोठी टाकी बसवणार होता. मी हट्टाने लहान बसवायला लावली. वजनही वाचतं आणि संध्याकाळी कुणाचं तरी दार वाजवावं लागतं. हेदवीच्या त्या घरी आता नातवाचा संसार आहे. त्याने आम्हाला ओळखलं नाही, आण्णांचं नाव मात्र त्याच्या आजीच्या तोंडून त्याने ऐकलं होतं.

तुमच्याही मनात अशी गाडी असेल तर दोन-तीन गोष्टी बघा. सरकारी रुग्णवाहिकेच्या मागे लागू नका. सरकारी गाड्यांची नोंदणी 15 वर्षांनंतर वाढवून मिळत नाही, त्या भंगारातच जातात. सायरन, फिरता दिवा आणि रुग्णवाहिकेच्या खुणा पहिल्याच दिवशी उतरवा. बदलांना हात लावण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या गाडीत स्वतः चढू-उतरू दिल्याशिवाय बयाणा देऊ नका.