दोरी ढिली हवी

रॅली ओबीडियन्सच्या नवशिक्या गटात कुत्र्याच्या पट्ट्याला दोरी असते आणि तिचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं. दोरी ताणली की गुण जातो. कुत्र्याला हाताने धरून वळवायचं नाही, ओढायचं नाही, मैदानात खाऊ दाखवायचा नाही. बोलायला मात्र पूर्ण मोकळीक आहे. नावाने हाका मारा, शाबासकी द्या, टाळ्या वाजवा, स्वतःच्या मांडीवर थाप मारा. पहिल्यांदा वाचताना हे नियम कुत्र्यासाठी केलेले वाटतात. सहा किलोच्या कुत्र्याबरोबर थोडे दिवस चाललं की ध्यानात येतं, की त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम माणसाला शिस्त लावतो.

खेळ समजायला सोपा आहे. साधारण ५० बाय ४० फुटांच्या जागेत परीक्षक १० ते १५ फलक क्रमाने मांडतो. एका फलकावर ‘थांबा, बसवा’, दुसऱ्यावर ‘उजवीकडे पूर्ण गिरकी’, पुढे ‘सावकाश चाल’, मग ‘जलद चाल’, कुठे ओळीत ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी वाट. कुत्रा माणसाच्या डाव्या हाताला चालतो. सुरुवात १०० गुणांनी होते आणि चुकांचे गुण वजा होत जातात: दोरी ताणली तर १, फलक पुन्हा करून घेतला तर ३, फलक चुकलाच तर १०. पास व्हायला ७० लागतात. वेळही मोजतात, पण ती उपयोगी पडते दोन जोड्यांचे गुण सारखे झाले तरच. स्पर्धेआधी माणसं कुत्र्याशिवाय मैदानात फिरून फलक पाहून घेतात, आणि जाणते स्पर्धक हा वेळ कधी वाया घालवत नाहीत. कुठे वळायचं हे माणसाच्या पायांना आधी माहीत असेल तरच ते कुत्र्याला वेळेत कळतं.

हा प्रकार अमेरिकेत चार्ल्स ‘बड’ क्रेमर यांनी मोटारींच्या रॅलीवरून सुचवला. अमेरिकन केनेल क्लबने १ जानेवारी २००५ पासून त्याला पदव्या मिळणाऱ्या स्पर्धेचा दर्जा दिला. त्यामागची आज्ञापालनाची परंपरा मात्र बरीच जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी एका बाईंची जिद्द आहे. हेलन व्हाइटहाउस वॉकर पूडल पाळत. पूडल म्हणजे केस विंचरून मिरवण्याचं कुत्रं, त्याला अक्कल कुठली, असं लोक म्हणत. वॉकरबाईंनी १९३३ साली न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को इथे सर्व जातींसाठी आज्ञापालनाची चाचणी भरवली. १९३७ साली त्या ब्लांश सॉन्डर्स यांना आणि आपल्या पूडलांना घेऊन गाडीने देशभर फिरल्या आणि गावोगावी प्रात्यक्षिकं दाखवली. शोभेचं म्हणून बाजूला सारलेलं कुत्रं किती शिकू शकतं, हे त्यांनी लोकांना डोळ्यांनी पाहायला लावलं.

महाराष्ट्रात शिकवलेलं कुत्रं म्हटलं की पोलिसांचं श्वानपथक आठवतं. मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडॉरने १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. २००० साली तो गेला तेव्हा त्याला मानाने निरोप दिला गेला. त्याचं मोठेपण निर्विवाद आहे. पण शिकवणं हे फक्त धिप्पाड, कामाच्या कुत्र्यांसाठी असतं, ही समजूतही अशाच उदाहरणांतून पक्की झाली. घरातलं पांढरं, झुबकेदार शेपटीचं कुत्रं दारात भुंकलं की त्याचं काम झालं असं मानलं जातं.

जानेफळ हे मेहकर तालुक्यातलं, मेहकरहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आजूबाजूला काळी जमीन, खरिपात सोयाबीन. इथे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्यातला लहान प्रकार पाच ते सात किलोंचा, खांद्याशी जेमतेम २५ सेंटिमीटर उंच. असाच एक दहा महिन्यांचा मोती गावातल्या एका खळ्यावर रॅली शिकतो आहे. त्याला शिकवणाऱ्या बाईंना गल्लीतली मुलं काकू म्हणतात. फलक पुठ्ठ्याचे, शंकूंच्या जागी विटा. परीक्षक ही मुलंच, आणि ती कडक आहेत. “काकू, तुमी दोरी तानली. एक मार्क गेला!” असा निकाल जागेवर लागतो.

शेजारच्या आजी पहिल्या दिवशी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “एवढुशा कुत्र्याले काय शिकोतं व?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर खळ्यावरच मिळतं.

लहान कुत्र्याला चालताना माणसाचा चेहरा दिसत नाही. दिसते ती चप्पल, घोटा, साडीचा काठ. मोठ्या कुत्र्याचं डोकं मांडीशी असतं, त्यामुळे हाताची खूण त्याला पुरते. इथे सगळा संवाद पायांनी करावा लागतो. थांबायच्या आधी पाऊल आखूड करायचं, म्हणजे मोतीला बसायला वेळ मिळतो. गर्रकन थांबलं की तो दोन पावलं पुढे जातो, दोरी ताणते आणि मुलं ओरडतात. डावीकडचं वळण सर्वांत अवघड, कारण कुत्रा त्याच बाजूला असतो आणि माणसाचा पाय थेट त्याच्या अंगावर येतो. एकदा पाय लागला की लहान कुत्रा ते विसरत नाही. तो हातभर लांब चालायला लागतो. म्हणून काकूंनी डावं वळण आधी कुत्र्याशिवाय घोटलं. डावं पाऊल जमिनीला धरून, सरकवत न्यायचं.

दुसरी अडचण वाकण्याची. खाऊ द्यायला माणूस कमरेत वाकतो, आणि वर आभाळासारखं काही कोसळतंय असं वाटून पिल्लू मागे सरतं. शिवाय माणूस कायम वाकूनच चालत राहिला तर स्पर्धेत ताठ झाल्यावर कुत्र्याला तो ओळखूच येत नाही. यावर जुना, चांगला उपाय आहे: लांब दांड्याची लाकडी पळी. पळीच्या टोकाला उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याच्या डाळीएवढा कण लावायचा आणि पळी डाव्या घोट्याशी धरायची. माणूस ताठ राहतो, कुत्र्याला आपली जागा कळते. हळूहळू पळी रिकामी होते, मग नाहीशी होते. जागा पक्की करायला जेवणाचा पाटही कामाला येतो. पाटावर बसायचं म्हणजे सरळ बसायचं, हे मोतीला दोन-तीन संध्याकाळींत उमगलं. रॅलीत बैठक रेघेत सरळच हवी असा आग्रह नसतो, पण सुरुवातीला सरळ शिकवलेलं पुढे थोडं वाकडं झालं तरी चालण्यासारखं राहतं.

चालीबद्दल काकूंचं मत ठाम आहे, आणि ते बरोबर आहे. कुत्रा छोटा म्हणून माणसं त्याच्यासाठी हळू चालतात. हळू चाललं की छोट्या कुत्र्याचं नाक जमिनीला लागतं, आणि खळ्यावर वास घ्यायला काय कमी आहे? बाजाराला निघाल्यासारखं झपझप चाललं की तो दुडक्या चालीत येतो, मान वर जाते, लक्ष जागेवर राहतं. ‘सावकाश चाल’ हा फलक म्हणूनच त्याला सर्वांत जड जातो. तिथे आवाजाचा आधार लागतो. काकू त्याच्याशी अखंड बोलतात: “हां मोती, असंच, चला चला, वा रे माझ्या राजा.” हे बोलणं वेळेवर आलं पाहिजे. बैठक लागण्याच्या क्षणी आलेली शाबासकी काहीतरी शिकवते. ती दोन श्वास उशिरा आली तर मोती तोवर उठलेला असतो आणि कौतुक उठण्याचं होतं.

वयाचंही भान ठेवावं लागतं. दहा महिन्यांचा नर म्हणजे अर्धं लक्ष गल्लीतल्या कुत्र्यांकडे. स्पर्धेच्या मैदानात लघवी केली तर फेरी बाद होते, आणि मोतीला प्रत्येक वीट पाय वर करण्याजोगी वाटते. म्हणून आधी बांधाकडे फेरी, मग खळं. सराव पाच-सात मिनिटांचा. तो कंटाळण्याच्या आधी संपलेला बरा. वैशाखात पहाटेच, कारण जमिनीवर तळहाताची पाठ टेकवून धरता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. पावसाळ्यात काळा चिखल पोटाच्या केसांना चिकटून वाळतो आणि तशा ओल्या जमिनीवर तो ‘झोप’ करायला साफ नकार देतो. तिथे गोणपाट अंथरायचं. हट्टाने दाबून बसवण्यात काही अर्थ नाही. नियमात ते बसत नाही आणि पिल्लाच्या मनातही बसत नाही. गोचिडांसाठी कानामागे, बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवायचा. रेबीजची लस तर चुकवायचीच नाही.

आषाढीनंतर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकर, जानेफळ, खामगाव या वाटेने जाते. टाळ-मृदंग, पताका, हजारो पावलं. गोंगाटात लक्ष टिकवायला शिकवायचं तर असा आवाज, पण फार दुरून. काकू त्याला गर्दीपासून लांब, आवाज नुसता ऐकू येईल अशा ठिकाणी घेऊन उभ्या राहतात. कान टवकारले, तरी अंड्याचा कण खाल्ला, तर अंतर योग्य आहे. खाणं नाकारलं तर आणखी मागे जायचं.

२०२० च्या टाळेबंदीत अमेरिकन केनेल क्लबने नवशिक्या गटासाठी घरच्या जागेत फलक मांडून केलेलं चित्रण पाठवायची सोय काढली होती. त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: या पायरीला मोठं मैदान, महागडं सामान लागत नाही. खळ्यावरही ५० बाय ४० फुटांची जागा आखता येते, आणि मोबाइलवरचं चित्रण रात्री पाहताना मुलांच्या नजरेतून सुटलेले ताणही सापडतात.

नवशिक्या गटात उडी नाही, आणि मोतीच्या वयाला ते सोयीचंच आहे. हाडं पुरती जुळल्याशिवाय उड्या नकोत. पुढे वरच्या गटांत दोरी सुटते आणि उडीचा अडथळाही येतो. त्याची घाई काकूंना नाही. सध्या त्या ‘डावीकडे पाऊण गिरकी’वर अडल्या आहेत. पाऊल सरकतं, पण खांदा आधी वळतो, आणि मोती खांद्याचं ऐकतो.