भिसे खिंडीतला दमा

रोहे हे गाव मुंबईपासून तसे फार दूर नाही. पनवेलहून निघालेली रेल्वे १९८६ साली येथे पोहोचली आणि पुढे कोकण रेल्वेचा मार्ग येथूनच सुरू झाला. त्यामुळे कोकणात जाणाऱ्या आजच्या प्रवाशाच्या लेखी रोहे म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसणारी एक पाटी! परंतु ज्याला हे गाव खरोखर पाहायचे असेल, त्याने मुंबई-गोवा रस्ता नागोठण्याला सोडावा आणि भिसे खिंडीतून खाली उतरावे. दसऱ्याच्या सुमारास जावे. भात पिवळे पडू लागलेले असते, डोंगराची हिरवळ अजून उतरलेली नसते, आणि खोऱ्यातून कुंडलिका वाहत असते. ही नदी भर उन्हाळ्यातही आटत नाही. कारण मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि तेथून हिच्या पात्रात पडते.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली येथेच जन्मले. माझ्या आईचे माहेरही रोह्याचेच, आणि तिला विचाराल तर या साऱ्यांहून मोठे म्हणजे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, आणि पालखी दारोदार फिरते. आईचे वय आता ऐंशीच्या पुढे. “एकदा पालखी पाहीन, आणि यांच्या गाडीतूनच जाईन,” असा तिचा हट्ट. ‘यांची’ गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. वडील गेल्यावर ती भंगारात काढावी असे घरात सर्वांचे मत होते. आई तेवढी विरुद्ध होती.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. पेणला टाकी काठोकाठ भरली. नागोठण्यापर्यंत गाडी झोकात आली. पण भिसे खिंडीच्या चढाला लागली आणि तिला दमा झाला! आचके देत, खोकत ती थांबली. दहा मिनिटे विश्रांती दिली की चालू होई, आणि मैलभर गेली की पुन्हा तीच गत. आमचे मेहुणे तत्काळ निकाल देऊन मोकळे झाले, “पेणचे पेट्रोल भेसळीचे! परत जाऊन त्याला जाब विचारला पाहिजे.” थोड्या वेळाने त्यांचे मत बदलले आणि पंपच नवा घालावा असे ठरले. आई मात्र मागे बसून शांतपणे जप करीत होती.

कसेबसे रोह्यात पोहोचलो. एका लहानशा गॅरेजात गेलो, तर पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर सारी मंडळी पाटावर झेंडूच्या फुलांखाली बसलेली!

“साहेब, आज हत्यारं पूजेला बसलीत,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांची नजर आईकडे गेली. “आजी पालखीला आल्यात काय? मग बघू. हाताला अन् कानाला सुट्टी नाही.”

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बंद पडताना एकदम पडते, की आचके देत?” आचके देत, असे सांगताच ते म्हणाले, “ठिणगी जाते ती बहुधा एकदम जाते. हळूहळू मरते ती उपाशी मरते. आता पेट्रोल कुठं अडतंय ते बघायचं.”

इंजिन निवू दिले, आसपासच्या विड्या विझवायला लावल्या. एका नाण्याने नळीची क्लिप सैल करून नळी बाटलीत सोडली आणि स्टार्टर मारायला सांगितले. पेट्रोलच्या पिचकाऱ्या उडाल्या. मग त्या बारीक होत गेल्या. बाटली उजेडात धरून थोडा वेळ स्थिर ठेवली. पाणी असते तर तळाशी वेगळा थर दिसला असता. तो नव्हता. पेणचा पंपवाला निर्दोष सुटला! फिल्टर काचेसारखा स्वच्छ. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवून पाहिले, कारण फार तापले की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि वाट अडते. पण त्यानेही फरक पडेना.

मग ते मागे गेले आणि टाकीचे झाकण फिरवले. ‘फुस्स्’ असा मोठा आवाज झाला, आणि हवा आत शिरली. बाटलीत पिचकाऱ्या पुन्हा जोरात!

“पंपाला दोष नाही, साहेब. टाकीला श्वास घेता येत नव्हता.”

टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. नाहीतर आत पोकळी होऊन पेट्रोल मागे ओढले जाते. टाकी काठोकाठ भरली असली की हवेला जागा थोडी, म्हणून ही पोकळी फार लवकर वाढते. पेणनंतरच दमा का लागला, याचे उत्तर हे होते. गाडी थांबली की फटींतून थोडी हवा झिरपे, आणि ती पुन्हा चाले. मिस्त्रींनी टाकीच्या श्वासनळीत तार घातली, तर आतून मातीची गोळी निघाली. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशीने घर बांधले होते!

जाताना त्यांनी एक सल्ला दिला. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; ते दमट हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा गाडी उभी ठेवू नये आणि रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो, इंजेक्शन असते, बिघाड संगणक सांगतो. “पण त्यांनाही श्वास लागतोच,” ते म्हणाले. पैसे मात्र घेईनात. शेवटी आईने आपट्याचे पान त्यांच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी आईने पालखी पाहिली. महाराजांपुढे हात जोडून ती बराच वेळ उभी होती. काय मागितले ते तिने सांगितले नाही. पण गाडी विकण्याची गोष्ट आमच्या घरात त्यानंतर कोणी काढलेली नाही.