खिडकी घेण्याआधी

आमच्या वस्तीत घरकुलाची घरे उभी राहू लागली तसे लोक आमच्याकडे कागद घेऊन येऊ लागले. आम्ही कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्यांचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे हे चालतेच. पण एकदा केळीच्या बागेत मजुरी करणारे एक भाऊ खिडक्यांचे कोटेशन घेऊन आले. दुहेरी काचेच्या, ‘वीज वाचवणाऱ्या’ दोन खिडक्या! किंमत अशी की घरकुलाच्या हप्त्याला मोठे भगदाड पडावे. ही काच लावली की मे महिन्यातही घर थंड राहील, असे दुकानदाराने त्यांना सांगितले होते.

आम्ही त्यांना घेऊ नका असे सांगितले. का, ते वाचक बंधू-भगिनींनाही कळावे म्हणून येथे लिहीत आहोत.

दुहेरी काच ही काही फसवणूक नव्हे. दोन काचांच्या मध्ये कोंडलेली हवा असते, ती उष्णतेला सहज पार होऊ देत नाही. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा थंड देशांत घर ऊबदार ठेवणे महाग झाले आणि अशा खिडक्यांना तेथे जोर आला. पुढे काचेवर धातूचा अगदी पातळ थर देण्याची युक्तीही निघाली. पण हे सारे खिडकी बंद ठेवून आत हीटर किंवा एसी चालवणाऱ्यांसाठी. आपल्या घरात पंखा असतो, फार तर कूलर. रात्री खिडकी उघडीच ठेवायची असेल, तर काच एक काय आणि दोन काय!

रावेरच्या घरात खिडकीतून जो त्रास येतो तो मुख्यतः उन्हाचा. साध्या एकेरी काचेतून उन्हाची सुमारे ८५ टक्के उष्णता आत येते. साध्या दुहेरी काचेतूनही जवळजवळ तीन चतुर्थांश येतेच. एकदा ती आत आली की भिंत, फरशी, भांडी सारे तापते आणि ती उष्णता काचेतून तशीच परत जात नाही. म्हणून आतून लावलेला पडदा डोळ्यांना बरा वाटतो, पण उशीर झालेला असतो. ऊन काचेला लागण्याआधीच, म्हणजे बाहेर, अडवले पाहिजे.

आता ऊन येते कोठून? रावेर सुमारे २१ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस भरदुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे खाली झुकतो आणि हवे असलेले ऊन त्याच खिडकीतून आत येते. दक्षिणेला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरे. खरी वैरीण पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन छज्ज्याच्या खालून थेट खाटेवर पडते. पारा ४५ च्या वर गेलेला, आणि त्याच वेळी बागेतून पहाटेपासून राबून आलेला माणूस तेथे पाठ टेकायला बघतो. तेथे बाहेरून तुराट्यांची ताटी, बांबूची चीक किंवा मांडवावर चढवलेला गिलक्याचा वेल काचेपेक्षा अधिक उपयोगी पडतो. वेलाची भाजीही मिळते. ताटी मात्र चुलीच्या बाजूला नको. ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

काचेला काळी फिल्म लावण्याची टूम निघाली आहे. ऊन थोडे कमी होते, पण घरही अंधारते. आमच्या आजोबांच्या धाब्याच्या घराला खिडकीच नव्हती, छतातल्या साण्यातून येईल तेवढाच उजेड. घर थंड होते हे खरे, पण तेथे दिवसाही पुस्तक वाचता येत नसे. पोरांना दुपारी दिवा लावून अभ्यासाला बसवायचे, तर वीज वाचली कोठे?

खिडकी किती मोठी असावी, यापेक्षा उघडते किती हे विचारावे. चार फूट बाय चार फूट सरकती खिडकी म्हणजे १६ चौरस फूट, पण उघडते निम्मीच. बिजागरीची दोन दारे असलेली खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात उष्ण-कोरड्या भागात उघडणारी जागा खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के धरली आहे. २६९ चौरस फुटांच्या घरकुलाला हाच हिशोब लावला तर सुमारे २७ चौरस फूट होतात. ती जागाही समोरासमोरच्या भिंतींत हवी, म्हणजे रात्रीचा वारा घरातून आरपार जाईल. जाळी आणि गज बसवले की खिडकी रात्रभर निर्धास्त उघडी ठेवता येते.

कूलरचेही तसेच. तो बाहेरची हवा ओढून आत लोटतो. त्या हवेला निघायला समोरची खिडकी उघडी नसेल तर घर दमट होते आणि गार वाटत नाही. तरी लोक कूलर लावून बाकी सारे घट्ट बंद करतात!

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो. डोक्यावर उघडा पत्रा असेल, तर आधी पत्र्याकडे बघावे, खिडकी मग. त्यावर पांढरा चुना मारला तरी फरक पडतो. विटांच्या भिंती आणि स्लॅब असेल तर दिवसा खिडक्या बंद आणि रात्री उघड्या ठेवाव्यात. पत्र्याचे घर मात्र दुपारी आतून बाहेरपेक्षा जास्त तापते, तेथे बंद ठेवणे म्हणजे भट्टीत बसणे.

छज्जा लिंटेलबरोबरच ओततात, म्हणून गवंड्याशी हे बोलणे भिंत कमरेइतकी असतानाच करावे. आणि त्या वेळी घरातल्या बाईला जवळ उभे करावे. चुलीचा धूर कोठून निघावा हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते, आणि नकाशावर तिला कोणी विचारलेले नसते.