शिंगरोबाच्या घाटात

खंडाळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरताना शिंगरोबाचे देऊळ लागते. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली. तिची वाट साहेबाला दाखविणाऱ्या धनगराचे हे ठाणे, अशी कथा सांगतात. ड्रायव्हरमंडळी येथे नाणे टाकूनच पुढे जातात. आम्हीही टाकले, पण ब्रेक दाबला, की पुढच्या डाव्या चाकातून येणारी करकर काही थांबेना. मागे मुलांच्या भेंड्या रंगलेल्या. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि जीव मुठीत धरून खोपोली गाठली.

तेथील मेकॅनिकने चाक उतरविले. बाहेरचा पॅड निम्मा शाबूत, आतला मात्र झिजून पार लोखंडाला लागलेला!

"साहेब, पिना गंजल्यात. कॅलिपर सरकतच नाही, म्हणून आतला एकटाच झिजला. आधी बारीक चिरचिर ऐकली असेल की!"

ऐकली होती, चांगली महिनाभर. पॅड संपत आला, की त्यावरची पत्र्याची जीभ डिस्कला घासून ओरडते, आणि ती त्याचसाठी बसविलेली असते, हे तेव्हा कळले. पिनांना ग्रीस लावून, दोन्ही पुढच्या चाकांत नवे पॅड घालून आम्ही निघालो.

शिंगरोबाने राखले खरे. पण त्याच्याआधी ती जीभ महिनाभर हाका मारीत होती!