माळकऱ्याचे यकृत

मधुमेही माणसाच्या सोनोग्राफीत ‘यकृतावर चरबी’ निघाली की नेवासा-राहुरीकडे पहिला प्रश्न, “घेतो का?” माळकऱ्याचीही सुटका नाही! अहो, मधुमेहात थेंबही न घेता, सडपातळ अंगातही चरबी साठते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा २००४ साली छापलेला फोटो प्रसिद्ध आहे. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

यकृतातली चरबी पुढे काहींना आतून सूज आणते. सूज दाखवणारे सीआरपी यकृतच तयार करते, पण दाढ सुजली तरी ते वाढते. पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी, असे थोडेच असते? म्हणून वय, एएसटी, एएलटी व प्लेटलेट यांवरून निघणारा फिब-४ आकडा डॉक्टरांना विचारा. यकृत निबर होऊ लागले का, याचा अंदाज त्यावरून येतो.